नाही म्हणणारे अर्काडी ल्वोविच

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि दारावरची बेल वाजली.

ॲथलोनच्या त्या घरात येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. २०१४ चा ऑक्टोबर. माझ्या नवऱ्याला, नितीनला, तिथल्या टेलिकॉम कंपनीत नोकरी लागली होती आणि मला गावाबाहेरच्या मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. आधीपासून आयर्लंडमध्ये असलेल्या मित्रांनी बजावून ठेवलं होतं, भिंती पातळ असतात, फोडणीचा वास आणि कुकरचा आवाज शेजारी पोचतो, सुरुवातीला जरा जपून. मी शेगडी बंद केली आणि चेहऱ्यावर 'सॉरी' घेऊनच दार उघडलं.

दारात एक उंच, किडकिडीत म्हातारा उभा होता. अंगात निळा कामगारी कोट, वरच्या खिशात चार पेन्सिली, पायात घरातल्या सपाता. मी तोंड उघडणार तोच त्यांनी बोट वर केलं.

"पुन्हा एकदा," ते इंग्रजीत म्हणाले. "प्लीज. तो आवाज."

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि शेगडी पुन्हा लावली. ते कुकरसमोर डोळे मिटून उभे राहिले. शिट्टी झाली.

"डोंगर," ते म्हणाले. "लांब. छोटं इंजिन. बर्फ पडून गेलाय." मग डोळे उघडून माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं. "हा आवाज मी तीन आठवडे शोधला होता. शेवटी समोवाराला, आमच्या चहाच्या बंबाला, तांब्याची नळी बसवून काढला. पण हा जास्त चांगला आहे. आत काय आहे?"

"डाळ."

"ग्रँड," ते म्हणाले. आयरिश लोकांचा हा शब्द त्यांनी उचलला होता, पण त्यातला 'र' खास मॉस्कोचा होता, दगडावरून गाडं गेल्यासारखा.

अर्काडी ल्वोविच आमच्या डाव्या हाताच्या घरात राहायचे. मुलगी वेरा तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करायची. आई वारल्यावर तिने वडिलांना इकडे आणलं होतं. वय त्र्याहत्तर. मी पहिल्याच दिवशी 'मिस्टर अर्काडी' म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. "नाही. अर्काडी ल्वोविच. ल्येव माझे वडील. वडिलांशिवाय नुसतं नाव म्हणजे बिनबाह्यांचा शर्ट."

मी म्हटलं, "आमच्यातही मधलं नाव वडिलांचंच असतं."

"तुमचे वडील कोण?"

"शरद."

"वंदना शरदोव्ना," ते म्हणाले, आणि पुढची पाच वर्षं मी त्यांच्यासाठी वंदना शरदोव्नाच राहिले. भिंतीपलीकडून हाक यायची, कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेताना यायची, सुपरमार्केटात दुधाच्या फ्रिजजवळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी यायची.

विक्टर नावाच्या एका दिग्दर्शकाबरोबर त्यांनी अकरा चित्रपट केले होते. कागदोपत्री ते कलादिग्दर्शक, म्हणजे सेट उभे करणारे. पण विक्टरचं अर्धं युनिट म्हणजे हेच होते. सुरुवातीची नावं हाताने रंगवायची, नवे कोरे कोट चहाच्या पाण्यात बुडवून आणि किसणीने घासून वीस वर्षं जुने करायचे, आवाज शोधायचे, एकदा हंस पाळणारा माणूस पळून गेला तेव्हा बावीस हंस सांभाळायचे. आणि प्रत्येक चित्रपटात एकदा मरायचं. विक्टरने पहिल्या चित्रपटात पैसे वाचवायला त्यांना टपालखात्यातल्या एका मरणाऱ्या कारकुनाचं काम दिलं, ते इतकं जमलं की पुढे ती प्रथाच पडली.

"अकरा चित्रपट, दहा मरणं," ते म्हणायचे.

"अकराव्यात?"

"त्यात वाचलो. ती मोठी गोष्ट आहे."

ती गोष्ट मात्र सांगायचे नाहीत.

त्यांच्या तोंडचा पहिला शब्द बहुतेक वेळा 'नाही' असायचा. कारण मागाहून. आम्ही बैठकीची खोली पिवळी रंगवायची ठरवली, डबे आणले, आणि हे दारातूनच म्हणाले, "नाही." मी वैतागले. स्वतःच्या घरात रंग कुठला लावायचा हे शेजाऱ्याने का सांगावं? त्यांनी वाद घातला नाही. घरी जाऊन तीन पुठ्ठे रंगवून आणले आणि खिडकीसमोर टेकवून ठेवले. "संध्याकाळी चारला बघा. डिसेंबरमध्ये इथे चारला जो उजेड असतो, त्यात." चार वाजता आमचा पिवळा आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा दिसू लागला आणि त्यांचा फिकट विटकरी उबदार. आम्ही विटकरी लावला. नितीन आठवडाभर कुरकुरत होता, आणि मग आलेल्या प्रत्येक पाहुण्याला स्वतःची कल्पना म्हणून सांगू लागला.

दुसऱ्या वर्षी आई आली, अमरावतीहून, तीन महिन्यांसाठी. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई त्या घरात गप्प गप्प असायची. बाहेर कोणी दिसत नाही, दिसलं तर बोलता येत नाही. एका दुपारी ती मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे पावसाआधी काढत होती, मी आत होते, आणि कुंपणापलीकडून खणखणीत हाक आली, "वंदना शरदोव्ना!"

आई कपडे तसेच टाकून आत आली. "हा बुढा तुह्या बाबाचं नाव काहून घेते वं?"

मी समजावून सांगितलं, त्यांच्याकडे अशीच पद्धत आहे, मान द्यायचा तर वडिलांचं नाव जोडून हाक मारायची. आई खुर्चीवर बसली. बाबांचं नाव तिने उभ्या आयुष्यात घेतलेलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. बँकेत विचारलं तरी माझ्याकडे किंवा भावाकडे बघायची. आणि बाबा गेल्यापासून ते नाव घरात कोणी उच्चारलंच नव्हतं, आईसमोर तर नाहीच.

टाकलेले कपडे ती जाऊन घेऊन आली. मग म्हणाली, "त्याले म्हणा, चाय प्यायले ये."

त्यानंतर रोज चार वाजता अर्काडी ल्वोविच चहाला यायचे. ते रशियनमध्ये बोलायचे, आई वऱ्हाडीत, आणि दोघांचंही काही अडायचं नाही. ती नऊवारी नेसायची. त्यांनी तिला निऱ्या कशा घालतेस ते हाताने करून दाखवायला सांगितलं आणि नुसत्या हातांची वीस चित्रं काढली, चेहरा एकाही चित्रात नाही. "चेहरा सगळ्यांना खोटा करता येतो," ते मला म्हणाले, "हात क्वचित कोणाला." मी ऑफिसातून जरा लवकर आले की आई मला म्हणायची, "तू अंदर जाय, त्याले बाहेरून हाक मारू दे." मी आत जाऊन उभी राहायचे. हाक यायची. आई चहा गाळता गाळता थांबायची, ऐकायची आणि पुन्हा गाळू लागायची. परत जाताना ती जरा भरली होती अंगाने. विमानतळावर म्हणाली, "बुढा चांगला हाय. पण साखर लय खाते."

गावात एक हौशी नाटकमंडळी होती. चालवायचा पॅट नावाचा खाटीक. सेट रंगवून द्या म्हणून तो अर्काडी ल्वोविचांकडे आला, त्यांनी 'नाही' म्हणून सुरुवात केली आणि पुढच्या आठवड्यात सगळा सेट मोडून नवा बांधला. प्रयोगाच्या तीन दिवस आधी एक नट आजारी पडला. काम लहान होतं, दुसऱ्या अंकात येऊन खुर्चीवर बसायचं आणि मरायचं, संवाद नाही. पॅटने यांनाच उभं केलं.

आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. ते आले, बसले, खिशातून चष्मा काढला, काच पुसली, एक पुसून झाली, दुसरी पुसता पुसता हात थांबला. बस. एवढंच. पण सभागृहात कोणीतरी "जीझस!" असं ओरडलं, आणि पहिल्या रांगेतली एक बाई धावत मंचावर चढली. ती गावातल्या दवाखान्यात नर्स होती. तिने त्यांच्या गळ्याला बोटं लावली. अर्काडी ल्वोविचांनी एक डोळा उघडला, उठून उभे राहिले, वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं, तिला पायऱ्यांपर्यंत सोडलं, परत खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि पहिल्या काचेपासून पुन्हा मेले. टाळ्या थांबेनात. मध्यंतरात पॅट घाम पुसत मला म्हणाला, "युवर मॅनला सांगा, उद्या जरा कमी मरा."

२०१८ च्या वसंतात वेरा एक ईमेल छापून घेऊन आमच्याकडे आली. डब्लिनमध्ये जुन्या रशियन चित्रपटांचे काही खेळ होणार होते. विक्टर स्वतः येणार होता, ऐंशीला टेकलेला, चाकांच्या खुर्चीवर. अकरावा चित्रपट दाखवायचा आणि नंतर मंचावर गप्पा. आयोजकांनी लिहिलं होतं, विक्टर यांची अट आहे, शेजारी अर्काडी ल्वोविच बसले तरच मी बोलेन.

"बाबा नाही म्हणतात," वेरा म्हणाली.

"ते नेहमीच आधी नाही म्हणतात."

"यावेळी कारण सांगत नाहीत. तीस वर्षं झाली, ते विक्टरशी एक शब्द बोललेले नाहीत. तू विचारून बघ."

मी गेले तेव्हा ते बटाटे सोलत होते. मी काही विचारलं नाही, दुसरी सुरी घेऊन बसले. चार बटाटे झाले आणि त्यांनी आपण होऊन सुरुवात केली.

अकराव्या चित्रपटात एक लाकडी पूल उडवायचा होता. एका खेड्यात तसा पूल सापडला. अलीकडे गाव, पलीकडे शाळा आणि दवाखाना. अर्काडी ल्वोविचांनी गावकऱ्यांना शब्द दिला, तुमच्या पुलाला आम्ही हात लावणार नाही. आणि चारशे पावलं खालच्या अंगाला त्यांनी दोन महिने खपून त्याच पुलाची प्रतिकृती बांधली, तेवढीच लांब, तेवढीच जुनी दिसणारी. त्यावर एका सैनिकाने मरायचं होतं. तो सैनिक अर्थातच हे.

"शूटिंगच्या सकाळी मी झोपडीत बसून दाढी चिकटवत होतो. अर्धी झाली होती. स्फोट ऐकला. मला वाटलं, मला सोडून कसं उडवलं? बाहेर आलो तर माझा पूल उभा. धूर वरच्या अंगाला."

विक्टरला सकाळचा उजेड हवा तसा मिळाला नव्हता. प्रतिकृतीवर सूर्य पाठीमागून येत होता, खऱ्या पुलावर समोरून. सैनिकाचं मरण त्याने तिथल्या तिथे कापून टाकलं, कारण यांना बोलावलं तर हे नाही म्हणतील हे त्याला माहीत होतं.

"मी अर्ध्या दाढीने नदीपर्यंत पळालो. काठावर टपाल वाटणारी बाई उभी होती. खांद्याला पिशवी. पलीकडची पत्रं होती तिच्याकडे. ती माझ्या दाढीकडे बघत राहिली."

"मग?"

"युनिट आठवड्याने गेलं. मी नाही गेलो. माझा पूल मोडला आणि त्याच्या लाकडातून, गावच्या लोकांबरोबर, त्यांचा पूल बांधला. एक्केचाळीस दिवस. नदी गोठायच्या आत व्हायला हवा होता. विक्टरचा पुढचा चित्रपट सुरू होत होता, त्याच्या तीन तारा आल्या. तिसऱ्या तारेने मी चूल पेटवली." त्यांनी बटाटा पाण्यात टाकला. "नंतर सगळं केलं. बाहुल्यांची नाटकं, मुलांची पुस्तकं, टीव्ही. चित्रपट नाही."

"तो दृश्य म्हणून कसा आहे? तो स्फोट?"

"उत्कृष्ट," ते म्हणाले. "तेच तर."

मी एवढंच म्हटलं की तो एवढ्या लांब येतोय, त्याच्याशी काय बोलायचं ते त्याच्या तोंडावर बोला. ते म्हणाले, "नाही." दोन दिवसांनी भिंतीपलीकडून हाक आली. "वंदना शरदोव्ना! डब्लिनची गाडी किती वाजता?"

आम्ही तिघं रेल्वेने गेलो. लहानसं थिएटर, शंभरएक माणसं. पूल उडाला तेव्हा सगळ्या थिएटरने श्वास रोखला, मीसुद्धा. माझ्या शेजारी अर्काडी ल्वोविच सरळ बसून होते, पडद्याकडे बघत, जसा एखादा डॉक्टर एक्स-रे बघतो.

नंतर दिवे लागले. विक्टरला खुर्चीसकट मंचावर आणलं. जाडजूड, डोक्याला पूर्ण टक्कल, आवाज अजून भरदार. अर्काडी ल्वोविच त्याच्या शेजारी बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. विक्टर रशियनमध्ये बोलायचा आणि वेरा मधे उभी राहून इंग्रजी करायची. प्रेक्षकांतल्या एका मुलाने विचारलं, तो पूल खरा होता का?

विक्टर बोलला. वेरा क्षणभर थांबली आणि मग तिने भाषांतर केलं. "नाही. ती प्रतिकृती होती. अर्काडी ल्वोविचांनी बांधलेली. आमच्या चित्रपटसृष्टीतली सर्वांत उत्तम प्रतिकृती. या दृश्याचं सगळं श्रेय यांचं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता प्रश्न मिटला. गप्प बसले तरी कोणाला कळणार नाही, आणि तीस वर्षांनी का होईना, मान मिळतोय.

अर्काडी ल्वोविच उभे राहिले. टाळ्या थांबेपर्यंत थांबले.

"नाही," ते म्हणाले. इंग्रजीत, वेराची वाट न बघता. "माझा पूल खालच्या अंगाला होता. त्याला काही झालं नाही. तुम्ही पाहिला तो खरा पूल. गावाचा. त्यावरून मुलं शाळेत जायची. आम्ही शब्द दिला होता आणि मोडला. दृश्य चांगलं आहे. करायला नको होतं." आणि खाली बसले.

विक्टरने वेराकडे बघून विचारलं, काय म्हणाला? तिने सांगितलं. विक्टरने मान खाली घातली आणि मग प्रेक्षकांना दोन वाक्यं म्हणाला. वेराने तीही इंग्रजीत सांगितली. "तो खरं सांगतो आहे. हुकूम मी दिला होता."

आतल्या खोलीत चहा ठेवला होता. मी दाराशी उभी होते, वेरा माझ्या कानात भाषांतर करत होती.

"मूर्खा, तुझ्यासाठी खोटं बोललो मी," विक्टर म्हणाला.

"माहीत आहे."

"तुझ्यानंतर मला कोणी 'नाही' म्हणालं नाही. म्हणून पुढचे चित्रपट तसे आहेत. पाहिलेस?"

"पाहिले. तसेच आहेत."

विक्टर हसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी गेलो होतो तिथे. दहा वर्षांनी. माफी मागायला. मला कोणी ओळखलं नाही. सगळे तुझी चौकशी करत होते. तुझ्या पुलावरून चालत गेलो आणि चालत आलो."

अर्काडी ल्वोविचांनी कप खाली ठेवला. "कठडा?"

"एका बाजूचा हलत होता."

"डावीकडचा?"

"डावीकडचा."

"मी त्यांना सांगत होतो, ते लाकूड ओलं आहे!" अर्काडी ल्वोविच एवढ्या जोरात म्हणाले की बाहेरची माणसं वळून बघायला लागली. आणि मग ते विक्टरच्या खुर्चीजवळ खाली बसले, जमिनीवरच, आणि त्या दोघांनी ओल्या लाकडावरून तासभर भांडण केलं. आमची शेवटची गाडी चुकता चुकता मिळाली.

आम्ही निघताना तिशीतली एक मुलगी मागून धावत आली होती. ईफा तिचं नाव. तिला आपला पहिला चित्रपट करायचा होता, आमच्याच भागातल्या पीटच्या, जळणासाठी कापून काढतात त्या मातीच्या, दलदलीवर, आणि पैसे जवळजवळ नव्हते. "मला कलादिग्दर्शक हवा आहे," ती म्हणाली. "मला नाही म्हणेल असा."

"नाही," अर्काडी ल्वोविच म्हणाले. "मी सत्त्याहत्तरीला आलोय." गाडीत बसल्यावर खिशातली पेन्सिल काढून त्यांनी तिकिटाच्या पाठीवर एक झोपडी काढायला घेतली.

पुढचं दीड वर्ष ते भिंतीपलीकडे फारसे नसायचेच. कधी गमबूट घालून कोणाच्या तरी व्हॅनमध्ये चढताना दिसायचे, कधी अंगणात दरवाजे घासताना. २०१९ च्या सप्टेंबरात नितीनची पुण्याला बदली झाली. निघायच्या दिवशी वेरा म्हणाली, बाबा शूटिंगवर आहेत, फोन बंद असतो, वाटेतच आहे, भेटून जा.

मुख्य रस्त्यापासून आत एक कच्चा रस्ता. दोन्हीकडे तपकिरी सपाट दलदल, क्षितिजापर्यंत. नितीन गाडीतच थांबला, हातात घड्याळ. मी चालत पुढे गेले. लांब एक पांढरी झोपडी, तिच्यासमोर कॅमेरा, दहा-बारा माणसं. मी जवळ पोचले आणि एका पोरीने ओठांवर बोट ठेवून मला जागच्या जागी थांबवलं. टेक सुरू झाला होता. आवाज रेकॉर्ड होत होता. पाऊल टाकलं तरी वाळक्या गवताचा आवाज झाला असता.

अर्काडी ल्वोविच कॅमेऱ्याच्या पलीकडे, ईफाच्या खांद्याशी उभे होते. त्यांनी मला पाहिलं. माझ्या हातात पासपोर्टचं पाकीट होतं, ते पाहिलं. सगळं कळलं त्यांना. हाक मारता येत नव्हती, हात हलवता येत नव्हता. झोपडीच्या दारात एक नटी कोणाची तरी वाट बघत बसली होती आणि तिला सोडून त्या मोकळ्या जागेत कोणीही हलायचं नव्हतं.

त्यांनी डोक्यावरची टोपी हळूच काढली आणि छातीशी धरली. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उभे राहिले. आम्ही तसेच एकमेकांकडे बघत राहिलो, किती वेळ कोण जाणे. टेक लांबत चालला होता. मागे गाडीत नितीन इंजिन बंद करून वाट बघत होता.

मग त्यांचे डोळे माझ्यावरून निघून झोपडीकडे गेले. दाराच्या चौकटीत त्यांना काहीतरी खटकलं होतं. कपाळाला आठी पडली. ते ईफाच्या कानाशी वाकले, आणि त्यांची मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी ठामपणे हलताना मला दिसली. मी आवाज न करता, एकेक पाऊल उचलत मागे फिरले.